लुगड्याखाली लेगिंग्ज

शाळेच्या गेटवर माझ्या सासूला पहिल्यांदा अडवलं तेव्हा मी ऑफिसात होते. पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ आमचं ऑफिस. डबा उघडला होता, पहिला घास तोंडात होता आणि नवऱ्याचा फोन आला. "अगं, आईला गेटवरून बाजूला केलं. सिक्युरिटीवाला म्हणतो, पोशाख बरोबर नाही." मला वाटलं हा थट्टा करतोय. माझ्या सासूचा पोशाख? ती बाई जन्मभर एकच पोशाख करत आलीय. नऊवारी लुगडं, गुडघ्यापर्यंत वर घेऊन घट्ट कासोटा मारलेलं, अंगात चोळी आणि खांद्यांवर फडकी. आमच्या गावात तिच्या वयाच्या सगळ्या आगरी बाया अशाच दिसतात. मिठागरात आणि भाताच्या खाचरात चिखलात उभं राहून ज्यांनी दिवस काढले, त्यांनी काय पायघोळ साड्या नेसायच्या होत्या? मी डबा बंद केला तो बंदच राहिला.

आता नियम सांगते. तो मुलांसाठी नव्हता, पालकांसाठी होता. मुलांचे नियम तर आधीपासूनच ढीगभर होते, मोज्यांच्या पट्ट्यांपासून रिबिनीच्या रंगापर्यंत. त्या वर्षी शाळा उघडली आणि मोबाइलवर मेसेज आला, की पालकांनी शाळेच्या परिसरात सभ्य पोशाखात यावे, गाऊन, हाफ पँट आणि पाय उघडे राहतील असे कपडे टाळावेत, मुलांवर परिणाम होतो. काय परिणाम होतो ते लिहिलं नव्हतं. सकाळी डबा, बूट, पाण्याची बाटली, वेणी, या सगळ्या मारामारीत एखादी बाई गाऊनवर ओढणी टाकून पोराला सोडायला आली तर काय आकाश कोसळतं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

पालकांच्या ग्रुपवर मात्र दिवाळीच झाली. अंगठे काय, टाळ्या काय, हात जोडलेले काय! सगळ्यात आधी लिहिलं आमच्या समोरच्या टॉवरमधल्या बाईने. तो टॉवर आमच्या गावच्या खाचरांवर उभा आहे, तिच्या पार्किंगच्या जागी माझी सासू लावणी करायची. तर ही टॉवरवाली लिहिते, "थँक यू स्कूल! कुणीतरी बोलायला हवंच होतं. काही लोक काहीही घालून येतात, बघवत नाही." बघवत नाही! मग नको बघूस ना बाई, तुला कुणी मान धरून बघायला लावलंय? हे मी टाइप केलं होतं. नवऱ्याने हातातून मोबाइल काढून घेतला.

गाऊनवाल्या बायकांनी आपापले उपाय काढले. एक जण गाऊनवर नवऱ्याचा रेनकोट चढवून यायला लागली, तोही कडकडीत उन्हात. एक जण रिक्षातून उतरायचीच नाही, आतूनच पोराला ढकलून द्यायची. एकीने मला सांगितलं, "काय करणार, शाळा चांगली आहे ना." आणि बाप लोक? ते आपले खुशाल हाफ पँटीत येत होते. माझा नवरासुद्धा. त्याचे ट्रेलर बंदराच्या बाजूला चालतात, गळ्यात सोन्याची जाड चेन, खाली बर्मुडा, पायात सपाता. त्याला बघून सिक्युरिटीवाला उभा राहून सलाम ठोकायचा. मेसेजात हाफ पँट लिहिली होती, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ती पुरुषाच्या पायांवर दिसत नसावी.

सासूला अडवल्याच्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले ती तणतणतच. सासू ओट्याजवळ बसून जवळा निवडत होती. आमच्या घरी सासूला अगंतुगंच करतात, मला सुरुवातीला जड गेलं, आता सवय झालीय. मी विचारलं, "आई, काय बोलला तो तुला?"

"काय नाय गो. बोलला, आजी, तिकरं रस्त्याच्या पल्याड थांबा. मी थांबली. पोरगी आली, आमी घरी आलो. झाला."

"झाला काय? तू रस्त्यापलीकडे का थांबायचंस?"

"त्याची नोकरी हाय. त्याला वरचे बोलतात, तो मना बोलतो." आणि पुन्हा जवळा निवडायला लागली.

माझी मुलगी पाचवीत. शाळेत सोडायला आम्ही कुणीही जायचो, पण आणायला आजीच, बालवाडीपासून. शाळा सुटली की पोरगी गेटातून धावत यायची आणि सरळ आजीच्या लुगड्यात तोंड खुपसायची. दप्तर आजीच्या खांद्यावर, पोरगी आजीच्या हाताला. वाटेत चिंचा, बोरं, जे मिळेल ते खात घरी. सासूला शाळेतलं काही कळत नाही, पण घरी येईपर्यंत पोरीच्या पोटातलं सगळं तिला ठाऊक झालेलं असायचं, मला मात्र रात्रीपर्यंत एक अक्षर नाही. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. त्या दोघींची ती वाट होती, तिथे तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

त्या वर्षी पोरीला बॅज मिळाला होता. युनिफॉर्म कॅप्टन! हे काय असतं मला माहीत नव्हतं. तर सकाळी प्रार्थनेच्या वेळी ही टिकलीएवढी पोर रांगेतून फिरणार आणि बाकीच्यांची नखं, मोजे, केस, पट्टे तपासणार. ज्याचं काही चुकलं असेल त्याला रांगेबाहेर काढणार. पोरांनीच पोरांवर पाळत ठेवायची, म्हणजे बाईंना निवांत उभं राहता येतं. हळदीला जाऊन आलेल्या एका मुलीला हिने रांगेबाहेर काढलं, कारण तिच्या हातावर मेंदी होती. घरी येऊन हे अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, "अगं, तुझ्या आत्याच्या हळदीला तूच कोपरापर्यंत मेंदी काढली होतीस." तर म्हणाली, "तेव्हा मी कॅप्टन नव्हते." बॅज शर्टाला टाचलेला आणि पोर त्याला हात लावून लावून बघतेय.

मग एका शनिवारी मी लवकर घरी आले. सासू पोरीला आणायला निघालीच होती. दारात मला आडवी आली आणि मी बघतच राहिले. लुगडं नेहमीसारखंच, कासोटा नेहमीसारखाच, पण गुडघ्यांखाली काळं काहीतरी चमकत होतं. लेगिंग्ज! माझी काळी लेगिंग्ज, जी मी आठवडाभर घरभर शोधत होते. ती सासूच्या पायांना कुठे घट्ट, कुठे ढिली, घोट्याजवळ वळकटी पडलेली. पनवेलचा तो दमट उकाडा, घराबाहेर पाऊल टाकलं की अंगाला पाणी सुटतं, आणि ही म्हातारी लुगड्याखाली नायलॉनची लेगिंग्ज घालून चाललीय.

"आई, हे काय गं?"

ती लाजली. माझी सासू लाजलेली मी कधी पाहिली नव्हती. फडकी उगाच सारखी करत म्हणाली, "शालेचा नियम हाय ना. पाय झाकायचं."

"कुणी सांगितलं तुला हे घालायला?"

"कोनी नाय. मनाच वाटला."

खोटं बोलता येत नाही तिला. नजर सरळ दारावरच्या खिळ्यावर. माझी लेगिंग्ज कपाटात कुठे असते हे तिला कसं कळणार? ते घरात एकाच माणसाला माहीत होतं.

संध्याकाळी पोरीला समोर बसवली. तिने लपवाछपवी केली नाही. म्हणाली, "मीच दिली. आजीचे पाय दिसतात ना. सगळे हसतात. बाई म्हणाल्या, कॅप्टनच्या घरीच नियम पाळत नाहीत तर बाकीच्यांना काय सांगणार? मग बॅज काढून घेतला असता." आणि हे सांगताना रडायला लागली, ते आजीसाठी नव्हतं, बॅजसाठी होतं. माझा हात उठला होता. सासूने मध्ये येऊन पोरीला ओढून घेतलं आणि मलाच म्हणाली, "जाव दे गो. मना काय व्हतंय? दोन घटका तर घालायची." तिच्या पिंढऱ्यांवर इलॅस्टिकचे लाल वळ उठले होते. मिठागराच्या खाऱ्या पाण्याने ते पाय आधीच फुटलेले, त्यावर हा नवा साज. मला किळस आली. पायांची नाही. त्या बाईंची, त्या मेसेजची, ज्या शाळेत मी हौसेने पोरीला घातली त्या शाळेची.

दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिकेला जाऊन भेटले. एसी लावलेली केबिन, टेबलावर काचेखाली ध्येयवाक्य. मॅडम गोड बोलल्या, इतक्या गोड की दात आंबावेत. "आम्हाला सर्व संस्कृतींबद्दल आदर आहे. पण शेवटी मुलांसमोर पाय दिसणं, तुम्हीच विचार करा. साधी पाचवारी नेसली तरी चालेल की. किंवा आजींना गाडीतच बसू द्या."

"मॅडम, माझ्या सासूला पाचवारीत चालता येत नाही. दिराच्या लग्नात हौसेने नेसवली तर मांडवातच पाय अडकून पडली. आणि माझा नवरा इथे बर्मुडा घालून येतो, त्याचे पाय दिसत नाहीत का तुम्हाला?"

"ते वेगळं आहे," मॅडम म्हणाल्या.

"कसं वेगळं?"

मॅडमनी घड्याळात पाहिलं. हे पाहणं मी ओळखते, मीही ऑफिसात असंच पाहते. नवऱ्याला घरी येऊन सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, आई घालतेय ना, मग तुझं काय जातंय? उगाच पोरीला त्रास व्हायचा." ज्याच्या आईच्या पायांबद्दल हे सगळं चाललं होतं तो हे बोलत होता, बर्मुडात बसून, पायावर पाय टाकून. शी! त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

मग गॅदरिंग आलं. यंदाचा विषय होता 'आपली माती, आपली माणसं'. शाळेच्या मैदानावर मांडव, रोषणाई, पहिल्या रांगेत देणगीदार शेठ लोक. आमच्या पोरीला कोळी नाचात घेतलं होतं. आम्ही आगरी, कोळी नव्हे, पण शाळेला त्याचं काय? लुगडं गुडघ्यावर गेलं की सगळे कोळीच. बाजारपेठेतल्या दुकानातून भाड्याने कपडे आणले होते, हिरवे-पिवळे चकचकीत, कासोटा आधीच शिवलेला, कमरेला इलॅस्टिक, हातात प्लास्टिकचे मासे असलेली टोपली. पोरीने घरी घालून दाखवलं तेव्हा सासू खूश झाली, मागे फिरवून फिरवून बघितलं, म्हणाली, "माज्यावानी दिसतंस गो बाय." पोरगी आरशात बघत राहिली.

कार्यक्रमाला सासू आमच्याबरोबर आली, लुगड्याखाली माझी लेगिंग्ज घालूनच. मी नको म्हणून घसा फोडला. पण नातीच्या कार्यक्रमात भानगड नको म्हणून ऐकेना. आम्ही मध्यावरच्या खुर्च्यांवर बसलो. नाच सुरू झाला आणि आमच्या आणि इतरांच्या पोरी ओळीने स्टेजवर आल्या. लुगडी गुडघ्यांच्या वर, पाय उघडे, पैंजण वाजवत. मांडव नुसता पेटला! शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोअर. पहिल्या रांगेतले शेठ माना डोलावतायत. मुख्याध्यापिका मॅडम स्टेजच्या कडेला उभ्या राहून टाळ्यांचा ताल धरतायत. टॉवरवाली उभी राहून शूटिंग करतेय, तिचीही मुलगी नाचात होती. पोरी गोड नाचत होत्या, त्यांच्यावर माझा काही राग नाही. पण या लोकांचे चेहरे, ते कौतुकाने ओथंबलेले चेहरे, मला बघवेनात.

सासू एकटक बघत होती. मग माझ्या कानाशी आली. "गो, या पोरींचं पाय उघडं हायत."

"हो, आई."

"बाईनी बघला काय?"

"बघतायत ना. त्या बघ, टाळ्या वाजवतायत."

नाच संपला, टाळ्या पडत होत्या, तेवढ्यात ती उठली आणि शाळेच्या बायकांच्या संडासाकडे गेली. परत आली तेव्हा हातात काळी घडी होती. खुर्चीत बसून तिने ती माझ्या पर्समध्ये कोंबली. "धर. लय गरम व्हतंय मना." मग पाय पुढे ताणून आपल्या पिंढऱ्या दोन्ही हातांनी चोळल्या. मला तिथल्या तिथे तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्यात तसलं काही करायची पद्धत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मैदानात फोटोंची झुंबड उडाली. पोरी अजून त्याच कपड्यांत. आम्ही आमचीला शोधत होतो, इतक्यात टॉवरवाली धावत आली. माझ्याकडे नाही, माझ्या सासूकडे. "अय्या, आजी! किती सुंदर दिसताय! एकदम ओरिजिनल! प्लीज आमच्या मुलींबरोबर एक फोटो. तुम्हीपण डान्समध्ये होतात का?"

सासूने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "नाय बाय. मी गेटवर असते. रस्त्याच्या पल्याड."

टॉवरवालीला काही कळलं नाही. ती खळखळून हसली, सासूला मध्ये उभं केलं, चार-पाच कोळणी दोन्ही बाजूंना लावल्या, त्यात आमचीही एक. मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आता तरी म्हणेल, ही माझी आजी आहे. ती कडेला उभी होती, बोटांनी व्ही करून कॅमेऱ्यात बघत हसत होती. मैत्रिणींना काही सांगितलं नाही. फोटो झाल्याबरोबर त्यांच्याबरोबर आइस्क्रीमच्या गाड्याकडे पळाली.

घरी पोहोचेपर्यंत फोटो ग्रुपवर आला होता. "आपली संस्कृती, आपला अभिमान." खाली लाल बदामांची रांग. रेनकोटवालीनेसुद्धा बदाम टाकला. मुख्याध्यापिका मॅडमनी हात जोडले. नवऱ्याने माझ्यापुढे मोबाइल धरला, "बघ, आई फेमस झाली!" मी म्हटलं, "तो मोबाइल माझ्या डोळ्यांसमोरून ने, नाहीतर विहिरीत टाकीन."

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि सासूबरोबर शाळेत गेले. तिने लेगिंग्ज मागितली नाही, मी दिली नाही. मला वाटत होतं, आता कशाला अडवतील? काही झालं तरी अख्ख्या ग्रुपने तिला बदाम दिलेत. गेटजवळ पोहोचलो आणि सिक्युरिटीवाला पुढे आला. बिचाऱ्यालाच ओशाळं वाटत होतं. "आजी, पलीकडे थांबा ना जरा. सकाळीच परत सांगितलंय वरून."

मी तोंड उघडायच्या आत टॉवरवाली दिसली. मोबाइलमध्ये डोकं घालून रांगेत उभी. मी तिला म्हटलं, "अहो, परवा या आजींबरोबरच फोटो काढलात ना तुम्ही? सांगा की यांना." तिने आधी सासूकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, आणि चेहरा कसनुसा केला. "हो, पण ते फंक्शन होतं ना. रोजचं वेगळं." आणि पुन्हा मोबाइलमध्ये. रोजचं वेगळं! म्हणजे भाड्याने आणलं तर अभिमान, आणि अंगावरचं असलं तर बघवत नाही. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गेटवरच्या सगळ्या बायका ऐकत होत्या, एकीनेही तोंड उघडलं नाही. मी बोलत होते तोवर सासू निघूनही गेली होती, रस्त्यापलीकडे, रिक्षा स्टँडच्या पत्र्याखाली.

घंटा झाली. पोरी बाहेर आल्या. आमची आली, शर्टाला बॅज, आजूबाजूला मैत्रिणी. मला गेटवर बघून दचकली. मग तिची नजर रस्त्यापलीकडे गेली, आजीच्या पायांवर. मैत्रिणींकडे गेली. पुन्हा पायांवर आली. मी तिला घेऊन पलीकडे गेले तर तिने आजीला पहिला प्रश्न विचारला, "लेगिंग्ज कुठंय?"

"तुज्या आयशीची व्हती. दिली परत."

लुगड्यात तोंड खुपसणं तर दूरच राहिलं. आजीने सवयीने दप्तरासाठी हात पुढे केला, हिने दप्तर दिलं नाही. पट्टे घट्ट धरले आणि पुढे चालायला लागली. आजी मागे. दोघींच्या मधून एक रिक्षा आरामात निघून जाईल एवढं अंतर. सासूला हे नवीन नव्हतं, हे तिच्या चालण्यावरून मला कळलं. ती पावलं मुद्दाम हळू टाकत होती, पोरीला गाठायचं नाही अशी. किती दिवस असंच चाललं होतं कोण जाणे, तिने घरी कधी चकार शब्द काढला नव्हता. आणि मी मॅडमशी, टॉवरवालीशी, नवऱ्याशी भांडत बसले होते. शाळेला जे शिकवायचं होतं ते माझ्या पोरीला पाठ झालं होतं.

पुढे मोठा रस्ता लागतो. उरणकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर तिथून धडधडत जातात, सिग्नल असून नसल्यासारखा. पोरगी कडेला जाऊन थांबली. तिला तो रस्ता एकटीने ओलांडता येत नाही, तिला तिथे भीती वाटते, लहानपणापासून. शाळेच्या पोरी मागून येतच होत्या. तिने मागे वळून पाहिलं नाही. मान ताठ, नजर समोर ट्रेलरवर. फक्त उजवा हात तिने पाठीमागे केला, पंजा उघडा ठेवून.

सासू झपझप पुढे गेली आणि तो हात तिने धरला.